भावी नगरसेवकांचा अभ्यास दौरा

लोकशाहीत शेवटचा शब्द जनतेचा असतो. हे वाक्य मी शाळेत नागरिकशास्त्राच्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं होतं आणि आजही ते मला खोटं वाटत नाही. फक्त त्या शेवटच्या शब्दाआधी बरेच शब्द बोलले जातात. ते तालुक्याच्या शासकीय विश्रामगृहात, पोह्यांच्या बश्या समोर ठेवून, तीन-चार माणसं बोलतात. गोष्ट जनतेपर्यंत येते तेव्हा बोलण्यासारखं थोडंच उरलेलं असतं.

उमेदवार ठरवायच्या या कामासाठी अमेरिकेत प्राथमिक निवडणुका घेतात. २०१६ साली सिंगापूरमधल्या, वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसे. हॉकर सेंटरच्या, म्हणजे एका छताखालच्या खाऊगल्लीच्या, टेबलाभोवती आम्ही बसत असू, कुणी एम्प्लॉयमेंट पासच्या परवान्यावर, कुणी पीआर म्हणजे कायमचा रहिवासी, थोडक्यात बसल्या जागी कुणालाच मत नाही, आणि अमेरिकेतल्या एकेका राज्याचा निकाल भावकीतल्या लग्नासारखा चघळत असू. मी त्यात फारसा बोलत नसे. तशीच एक निवडणूक माझ्या घरात चालू होती आणि तिच्यातला इच्छुक उमेदवार माझ्या मुलीला वरणभात भरवत होता.

हा उमेदवार म्हणजे माझे सासरे. पश्चिम महाराष्ट्रात एका तालुक्याच्या गावी त्यांचं सायकलचं दुकान आहे. दुकानाबाहेर एक लाकडी बाकडं आहे, आणि गावातल्या पक्षाचं खरं कार्यालय तेच, असं बाकड्यावर बसणाऱ्यांचं मत होतं. सासरे एकतीस वर्षं पक्षात होते. आपल्याकडे अशा माणसाला सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता म्हणतात. भाषणांत त्याचं नाव हटकून घेतलं जातं, याद्यांत बहुधा नसतं. त्यांना नगरपालिकेला उभं राहायचं होतं. एकदा प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला. एकदा दुसरंच आरक्षण आलं. एकदा कुठलंच आरक्षण नव्हतं, तेव्हा आमदारांच्या मेहुण्यांना समाजसेवेची ओढ लागली. दर वेळी त्यांना सांगितलं गेलं, "पुढच्या वेळी नक्की." सासऱ्यांनी ते दर वेळी खरं मानलं. त्यांच्याइतका आशावादी माणूस मी पुढे फक्त स्टार्टअपमध्ये पाहिला.

त्या वर्षी ते आमच्या पासिर रिसच्या घरी आले ते माझ्या बायकोच्या सांगण्यावरून. मुलगी वर्षाची होत होती, आमची घरकामाची हेल्पर अचानक तिच्या गावी परत गेली होती, आणि बायकोची बँकेतली नवी नोकरी अजून प्रोबेशनवर होती. सासूबाई काही वर्षांपूर्वीच गेल्या होत्या, त्यामुळे "आईला पाठवा" हा नेहमीचा मार्ग बंद होता. "बाबा, थोडे महिने या," एवढंच बायको म्हणाली. त्यांनी दुकान भाच्यावर सोपवलं आणि ते आले.

आल्या आल्या त्यांनी इथल्या राजकारणाची चौकशी सुरू केली.

"जावईबापू, इथला नगरसेवक कोण?"

"इथे नगरसेवक नसतो, बाबा."

"मग गटार तुंबलं तर?"

"तुंबत नाही सहसा."

"तसं नव्हे. तुंबलं, तर माणसानं जायचं कुणाकडं?"

याचं उत्तर त्यांना प्रत्यक्ष बघायलाच मिळालं. शेजारच्या इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर आठवड्यातून एका संध्याकाळी इथले खासदार लोकांना भेटत. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलं, टोकन घेऊन बसलेली माणसं. सासरे नातीला बाबागाडीत घालून एका खांबाशी उभे राहून ते सगळं पाहत, जसा एखादा गवई परक्या घराण्याची मैफल ऐकतो तसे.

"तो स्वतः बसतो?" ते मला म्हणाले.

"हो. दर आठवड्याला."

"आणि कार्यकर्ते?"

"ते काय, टेबलावर लिहून घेतायत."

"गळ्यात पट्टा नाही, काही नाही. कोण कुणाचा माणूस कळायचं कसं?" त्यांनी बाबागाडी जरा मागेपुढे हलवली. "काम होत असेल हो. पण कोरडं आहे फार. माणसाला वाटलं पाहिजे, आपल्यासाठी कुणीतरी धावतंय."

पावसाळ्यात आरक्षणाची सोडत निघाली. सकाळी त्यांचा फोन वाजला तेव्हा ते स्वयंपाकघरात दुधाची बाटली उकळत होते. फोन टेलरकाकांचा होता. दुकानाशेजारी यांचं शिवणकामाचं दुकान, आणि बाकड्यावर यांची जागा कायमची. ते फोनवर नेहमी असं बोलतात की फोन नसता तरी चाललं असतं.

"शेठ! ओपन पडला! आपला प्रभाग ओपन पडला! आता कुणाच्या बापाला—"

सासऱ्यांनी गॅस बंद केला आणि बाटली हातात धरून तसेच उभे राहिले. मग बायकोला म्हणाले, "ओपन पडला गं." ती ऑफिसला निघाली होती, पायात एकच चप्पल होती. तिने त्यांना मिठी मारली. त्या घरात वडिलांना मिठी मारायची पद्धत नव्हती. दोघंही जरा अवघडले.

"मग बाबा, जायला लागेल तुम्हाला."

"आत्ता कुठं? मुलाखती दिवाळीच्या आधी. तोवर मी इथून बघतो. व्हॉट्सॲप आहे की."

इच्छुकांच्या मुलाखती हा आपल्याकडचा एक थोर विधी आहे. जिल्ह्याहून निरीक्षक येतात. इच्छुक आपापल्या माणसांसह, हलगी लावून, घोषणा देत विश्रामगृहावर येतो, मग एकटा आत जाऊन दहा मिनिटं नम्रपणे बसतो. आत काय बोललं याला फार महत्त्व नसतं. बाहेर किती माणसं होती हे आत ऐकू गेलेलं असतं.

माणूस इथे आणि माणसं तिथे, तेव्हा शक्तिप्रदर्शन कसं करायचं, यावर बाकड्यावर चर्चा झाली आणि टेलरकाकांना युक्ती सुचली. आपले शेठ मुलीकडे गेलेत असं कशाला म्हणायचं? शेठ अभ्यास दौऱ्यावर आहेत. लोकप्रतिनिधी निवडून आल्यावर परदेशी अभ्यास दौरे करतात, आपले शेठ आधीच अभ्यास करून येतायत, आणि तोही सिंगापूरचा. आमच्या जिल्ह्यात गेल्या वीस वर्षांत असा एकही जाहीरनामा निघाला नसेल की ज्यात गावाचं सिंगापूर करण्याचं वचन नाही. इथे तर उमेदवार प्रत्यक्ष जाऊन बघून येत होता.

मला वाटलं होतं, सासरे नाही म्हणतील. ते म्हणाले, "फोटो कोण काढणार? जावईबापू, तुमचा फोन चांगला आहे."

त्यांना आधी पांढरा सदरा हवा होता. त्यासाठी आम्ही लिटिल इंडियात गेलो. तिथल्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या मोठ्या दुकानात त्यांनी सदऱ्यांच्या कॉलरी चिमटीत धरून पाहिल्या आणि एकही पसंत केला नाही. "खळ घालून उभी राहणारी कॉलर नाही यांच्यात." शेवटी एक घेतला आणि घरी भाताच्या पेजेत बुडवून गॅलरीत वाळत टाकला. बांबूवर टांगलेला तो सदरा दोन दिवस आमच्या अकराव्या मजल्यावरून जनतेकडे पाहत होता.

मग रविवारी सकाळी आम्ही निघत असू. बाबागाडीत मुलगी, मागे मी, पुढे सदऱ्यातले सासरे. गटारावरच्या जाळीशी थांबून ते हाताचं बोट जाळीकडे रोखत. नजर गटाराकडे नाही, क्षितिजाकडे. ही 'पाहणी करताना'ची मुद्रा त्यांना कुणी शिकवली नव्हती. एकतीस वर्षं इतरांच्या अशा फोटोंत ते कडेला उभे राहिले होते. कचऱ्याच्या डब्यांची पाहणी झाली. बसथांब्याची झाली. हॉकर सेंटरमध्ये ताटं परत ठेवायच्या मांडणीची झाली. तिथे एक चिनी आजोबा कॉफी पीत आमच्याकडे बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "अंकल, यू टाउन काउन्सिल आह?" म्हणजे इमारतींची देखभाल बघणाऱ्या खात्याचे का.

सासरे छाती काढून म्हणाले, "फ्यूचर!"

आजोबांनी मान हलवली आणि आपल्या ब्लॉकची लिफ्ट नीट चालत नाही अशी तक्रार सांगितली. सासऱ्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली. इंग्रजी त्यांना अर्धीच कळली असेल, पण मी सांगतो, त्या माणसाचं समाधान झालं. परतताना सासरे मला म्हणाले, "त्या लिफ्टचं कुणाला तरी सांगा हो."

गावात चौकात फ्लेक्स लागला. वर नेत्यांचे गोल फोटो, मधे आमचे सासरे गटाराकडे बोट दाखवणारे, मागे पाम वृक्ष. बाबागाडीचं चाक कोपऱ्यात राहून गेलं होतं, त्यावर घड्याळात बघणाऱ्या एका शुभेच्छुकाचा फोटो चिकटवला होता. खाली ठळक अक्षरात: 'सिंगापूर अभ्यास दौऱ्यावर असलेले आपले लाडके भावी नगरसेवक.' पहिला आठवडा गाव हरखून गेलं. टेलरकाका रोज नवं सांगत. चहावाल्याने बिल घेतलं नाही, हेडमास्तर थांबून फ्लेक्स वाचत होते, वगैरे.

दुसऱ्या आठवड्यात फ्लेक्स उलटला, म्हणजे जागेवरच होता, पण त्याचा अर्थ उलटला. प्रभागात आणखी एक इच्छुक होते, रस्त्यांची कामं घेणारे एक तरुण ठेकेदार. मागच्याच दिवाळीत ते पक्षात आले होते. त्यांच्या हाताखालच्या पोरांनी फारसं काही केलं नाही. चौकात उभं राहून फ्लेक्सकडे बघत एवढंच विचारायला सुरुवात केली, "काका परत येणार हायत का तिकडंच राहणार? नाय, गटार तुंबलं तर फोन लावायचा कुठं? आयएसडी पडंल."

गंमत अशी की तोवर सासरे गावात नाहीत हे कुणाच्या नीट ध्यानातच आलं नव्हतं. तीन दशकं जो माणूस बाकड्यावर असतो तो नसला तरी दिसत राहतो. काही महिने ते दिसलेही असतील. आपण गावात नाही, ही बातमी त्यांनी स्वतःच, दहा फूट बाय वीस फूट, चौकात लावली.

सासऱ्यांना ते बरोबर कळलं. कुणाला दोष न देता ते म्हणाले, "आता तोंड दाखवायला पाहिजे." मी विमानाचं बुकिंग केलं. मुलाखत रविवारी होती, ते गुरुवारी निघणार होते. बायकोने तेवढ्या दिवसांसाठी पाळणाघराची सोय केली आणि मुलगी तिथे जाऊ लागली.

मंगळवारी पाळणाघरातून फोन आला. मुलीच्या तळहातांवर आणि तोंडात पुरळ होतं. लहान मुलांत इथे ही साथ नेहमीची, जिवाला धोका नसतो, पण बरी होईपर्यंत मुलाला पाळणाघरात घेत नाहीत. त्या वर्षातल्या माझ्या रजा कधीच संपल्या होत्या. बायकोचं प्रोबेशन संपायला थोडेच दिवस होते आणि तिमाहीचे हिशेब तिच्या टेबलावर होते. संध्याकाळी आम्ही तिघं बैठकीत बसलो. मुलगी आजोबांच्या खांद्यावर झोपली होती, कारण आमच्याकडे ती झोपत नव्हती.

बायको 'जा' म्हणाली नाही, 'राहा'ही म्हणाली नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी फोनकडे पाहिलं. सासऱ्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं.

"ते विमान रद्द करा, जावईबापू," ते म्हणाले. "मला काय मुलाखत? सगळे ओळखतात. फोनवर देतो."

"बाबा, पण—" बायको म्हणाली.

रविवारी दुपारी ते खळीचा सदरा घालून सोफ्यावर बसले. मी फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवला. तिकडे टेलरकाका विश्रामगृहात फोन धरून होते. आधी पंखा दिसला, मग पोह्यांच्या बश्या, मग टेबलापलीकडे तीन माणसं. बाहेर हलगी वाजत होती. ती आमची नव्हती.

"नमस्कार काका. तिकडं हवापाणी?" निरीक्षक म्हणाले. माझ्याच वयाचे असतील.

"उकाडा आहे साहेब."

"किती वर्षं झाली पक्षात?"

"एकतीस."

"वा, वा. प्रभागातले मुख्य प्रश्न काय वाटतात?"

इथे सासरे बोलायला लागले आणि मी त्यांना असं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. त्यात सिंगापूर नव्हतं. मासळी बाजारामागच्या नाल्याला उतार उलटा दिलाय. मुलींच्या शाळेची मागची भिंत दोन पावसाळ्यांपासून पडलीय. एका बोळातल्या दिव्याखाली एक विधवा बाई भाजी निवडायला बसते, तो दिवा लागत नाही म्हणून तिचं संध्याकाळचं काम बुडतं. कागद हातात नव्हता. ते सगळं ते इथे पाळणा हलवता हलवता मनात फिरून आले असणार.

"छान. चांगला अभ्यास आहे," निरीक्षक म्हणाले. "सध्या मुक्काम?"

"नातीकडं आलोय."

"परत कधी?"

आतल्या खोलीतून मुलीचं रडणं आलं. सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं. तारीख सांगता आली असती. खोटी का होईना, कुणीही सांगितली असती.

"पोर बरी झाली की," ते म्हणाले.

"बरोबर आहे काका. कुटुंब पहिलं. आणि पक्षाला तुमच्यासारख्या ज्येष्ठांचं मार्गदर्शन तर लागणारच आहे."

मार्गदर्शन. राजकारणात हा शब्द ऐकू आला की माणसाने सतरंजी घडी करायला घ्यावी. त्यांनी तो इतरांना लागताना अनेकदा पाहिला होता. मग पडद्यावर टेलरकाकांचा अंगठा आला आणि फोन बंद झाला.

"बरी झाली मुलाखत," सासरे म्हणाले, आणि सदरा बदलायला आत गेले.

उमेदवारी ठेकेदारांना मिळाली.

दिवाळीच्या तोंडावर माझी आई आमच्याकडे आली आणि सासरे परतले. अर्ज भरायला अजून थोडे दिवस शिल्लक होते. स्टँडवर टेलरकाका हार घेऊन उभे होते. पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

"म्हटलं, शेठ, अपक्ष उभं राहा. निम्मा प्रभाग आपला हाय. बंडखोरी म्हणत असतील म्हणू द्या."

"मग?"

"मग काय. म्हणाले, अपक्ष उभा राहिलो तर इतकी वर्षं मी सतरंज्या कुणाच्या उचलल्या? हार माझ्याच गळ्यात घातला आणि दुकान उघडायला गेले."

त्यांनी ठेकेदारांचा प्रचार केला. घरोघरी गेले, नाल्याबद्दल शब्द दिला, भिंतीबद्दल दिला. ठेकेदार निवडून आले. मला यात काही महान त्याग वगैरे दिसला नाही, आणि सासऱ्यांनाही दिसला नसावा. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं.

बायकोने तो विषय कितीतरी दिवस काढला नाही. नंतर एकदा एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, फलाटावर, गाडी यायच्या आत, ती म्हणाली, "मी त्या दिवशी 'जा' म्हणायला हवं होतं."

"तू 'राहा' कुठे म्हणाली होतीस?"

"तेच तर."

गाडी आली. जागा एकच होती, ती तिने मला दिली.

आम्हाला वाटलं होतं, उमेदवारी हुकल्याचं दुःख होईल आणि ओसरेल. सासऱ्यांनी ते दुःख केलंच नाही, त्यातून फक्त एक धडा घेतला: गाव सोडायचं नाही. त्यानंतर त्यांनी गावाबाहेर मुक्काम केला नाही. पुण्याला लग्न असलं तर अक्षता टाकून शेवटच्या गाडीने परत. बायको दर वर्षी बोलवायची.

"बाबा, उन्हाळ्यात या ना."

"बघू."

"बघू काय? निवडणुकीला अजून चार वर्षं आहेत."

"तेवढ्यात म्हणतील की, गेले परत सिंगापूरला."

नात फोनच्या पडद्यात डोकं घालायची. तिला मराठी कळतं, उत्तर मात्र शाळेतल्या भाषेत येतं. "आजोबा, यू कम लाह!"

"येतो की गं," ते म्हणायचे, आणि तिला सायकलची घंटा वाजवून दाखवायचे. ती सायकल शिकली ती पासिर रिसच्या बागेत, माझ्याकडून. मला स्वतःला ती जेमतेम येते. मी मागून कॅरिअर धरून पळत होतो आणि बायको बाकावर बसून व्हिडिओ काढत होती, तिच्या वडिलांना पाठवायला. त्यात एका जागी बायकोने फोन मधेच खाली केला आहे. पडद्यावर थोडा वेळ नुसतं गवत दिसतं.

२०१९ साली विधानसभेच्या आधी पक्षाला परदेशातल्या मराठी माणसांची आठवण झाली आणि देशोदेशी संपर्कप्रमुख नेमायचं ठरलं. विश्रामगृहावर सासऱ्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार. शहराध्यक्ष आपल्या भाषणात म्हणाले की एकनिष्ठ कार्यकर्त्याला पक्ष कधी विसरत नाही, उशीर होतो पण न्याय होतो. टेलरकाकांनी व्हिडिओ पाठवला. त्यात सासरे पहिल्यांदाच मंचावरच्या खुर्चीत, मधोमध बसलेले दिसतात. त्यांची सिंगापूरचे संपर्कप्रमुख म्हणून नियुक्ती झाली होती. त्यांच्या पासपोर्टची मुदत त्याआधीच संपली होती, आणि तो त्यांनी पुन्हा काढला नाही.